डोरा, सारा आणि एक कान

नागपूरच्या कॉलेजात आवाज आणि ऐकणं हा विषय शिकवणारे आमचे सर मूळचे पुण्याकडचे. माझ्या तोंडी ‘ळ’ बसवायला त्यांना दोन वर्षं लागली. त्या काळात मी त्यांच्यावर जेवढा चिडलो, तेवढा कुणावरच चिडलो नसेन. पण ऐकण्याची चाचणी म्हटली की त्यांच्यासारखा माणूस नव्हता, म्हणून सुट्टीत मीच त्यांना माझ्या गावी, चिचगडला, घरी घेऊन आलो.

कारण होतं माझी पुतणी. मास्तरांनी विचारलेलं तिच्या डोक्यात शिरत नाही, अशी शाळेतून सारखी तक्रार यायची. दादा वैतागला होता. “सरायनं भयरी म्हटली का काढतोच सारेतून,” बहिरी ठरली तर शाळा बंद, असं त्यानं मला आधीच बजावलं होतं.

सपरीत, म्हणजे ओसरीवर, सरांनी पोरीला पाठमोरी उभी केली. डाव्या कानात बोट घालायला लावलं, दूर गेले आणि कुजबुजले, “डोळा.”

“डोरा,” पोरगी म्हणाली.

“शाळा.”

“सारा.”

“बाण.”

“बान.”

सरांचा चेहरा पडला. “तिन्ही चुकले,” ते हळूच मला म्हणाले. दादानं ते ऐकलंच.

माझं डोकं फिरलं. “सर, चुकलं कुठं? आमच्याकडे असंच म्हणतात! आमच्या बोलीत ळ नाही, ण नाही, श नाही.”

“मग तुला कसे येतात?”

“तुमच्या शिव्या खाऊन.”

सर हसले नाहीत. त्यांचे डोळे मात्र चमकले. “म्हणजे तिला ळ ऐकू येतो आणि म्हणता येत नाही, की ऐकूच येत नाही? की काका म्हणून तू तिला पास करतोयस? तुझ्या शब्दांनी घे. मी नुसता बघतो.”

मग मी घरातलेच शब्द घेतले. मोहा, धान, सूप, टोपली, आणि तळ्याला म्हणतो ती बोडी. उजव्या कानानं पोरीनं एकही सोडला नाही. मी सरांकडे असं पाहिलं, जणू कुस्तीच मारली.

“आता दुसरा कान,” सर म्हणाले.

उजव्या कानात बोट घालून ती उभी राहिली. मी म्हणालो, “मोहा.” ती गप्प. “धान.” गप्प. मी कुजबुज सोडून जरा आवाज चढवला, तेव्हा सरांनी हात वर करून मला थांबवलं. पोरगी अजून वाटच पाहत होती. मला फार वाईट वाटलं, आणि बरोबर निघाल्याबद्दल सरांचा रागही आला.

“म्हंजे भयरीच ना?” दादा म्हणाला.

“एका कानानं,” सर म्हणाले. मग पोरीसमोर उकिडवे बसले आणि दोन वर्षं माझी जीभ वळवणारा तो माणूस तिला म्हणाला, “बाळा, सारेत तू कुठं बसतेस?”

‘सारेत’! मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो.

पोरीनं उजवीकडे हात करून वर्गातली त्या बाजूची भिंत सांगितली. गावच्या शाळेत मुली त्या भिंतीला चिकटून बसायच्या आणि बाकी सगळी जागा मुलांची. मास्तर मधोमध. म्हणजे तिचा चांगला कान रोज भिंतीकडे आणि मास्तरांकडे तो दुसरा.

“हिला डाव्या भिंतीला बसवा. एवढंच करायचंय,” सर म्हणाले.

“तिकडं पोट्टे बसतेत,” दादा म्हणाला.

वहिनी दाराआडून पाहत होती. आमच्या घरात असल्या गोष्टीवरून पोरीची शाळा सुटू शकते हे मला माहीत होतं, आणि मी भांडायच्या तयारीतच होतो.

पोरगी बापाकडे पाहून म्हणाली, “बाबा, कायले काढता मले? मी तं बरोबरच सांगून राहिली होती.”

दादानं खांद्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं.

“मंग बसन पोट्ट्यायमंदी,” तो म्हणाला. “कोन काय म्हनते तं मी पायतो.”