शेजारच्या टेबलावर मावशी

मावशी नसत्या तर मी त्या रविवारी घाटकोपरच्या हॉटेलातून चहा न पिताच पळाले असते. हे आधी सांगते, मग बाकीचं.

त्या माझ्या सख्ख्या मावशी नाहीत. विक्रोळीच्या चाळीत त्यांच्या खोलीत मी भाड्याने राहते. त्या मालवणकडच्या, मी वाशीमकडची; त्यांच्या लेखी अजून घाटावरचीच. यजमान कारखान्यात होते, ते गेल्यावर खोलीत एकट्या पडल्या, म्हणून मला ठेवून घेतलं. मला ताप आला की पेज करतात, आणि पेज ढवळता ढवळता बोलूनही घेतात.

मी मुलुंडला एका बुटिकमध्ये ब्लाउज उसवून नीट मापाचे करून देते. आईच्या बाळंतपणात नववीत शाळा सुटली ती सुटलीच. गावाहून फोन आला की एकच विषय, स्थळ. मामा बघणार, काका ठरवणार, मी फोटो बघून हो म्हणणार. मला वाटायचं, एकदा तरी आपलं आपण कुणाशी बोलून बघावं. बुटिकमधल्या मुली फोनवर अंगठा फिरवत हसत बसायच्या. एका दुपारी मीही त्यांच्याकडून एक डेटिंग अ‍ॅप उतरवून घेतलं. मग दुसरं. मग तिसरं. सुईत दोरा ओवतानाही एक डोळा फोनवर.

पहिल्यात माणसांचे फोटो येतात. आवडला तर उजवीकडे सारायचा, नाही तर डावीकडे. मला कुणाला डावीकडे सारवेना. समोर माणूस हसतोय, कुणी कुत्र्याला मांडीवर घेऊन बसलाय, त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? मी सगळ्यांना उजवीकडे सारलं. दोन दिवसांत फोन असा वाजायला लागला की मॅडमनी विचारलं, घरी कुणी आजारी आहे का.

फोन घरीही वाजायचाच. मावशींनी तो तांदळाच्या डब्यावरून उचलला, चष्मा लावला आणि बघत राहिल्या. मला वाटलं, झालं, आता खोली गेली. सामान कुठे न्यायचं इथपर्यंत माझं मनात ठरवून झालं होतं.

"बाजारात गेलंस तर सगळीच भाजी पिशयेत भरतंस काय गो?" त्या म्हणाल्या. मग शेजारी बसून त्यांनीच मला डावीकडे सारायला शिकवलं. हा नको, ह्याचं लग्न झालेलं दिसतंय. हा नको, सगळ्या फोटोंत गाडीच पुढे, हा मागे. त्यांच्या बोटाला अजिबात दयामाया नव्हती.

दुसऱ्या अ‍ॅपमध्ये आधी बाईने लिहायचं असतं, नाही लिहिलं तर दुसऱ्या दिवशी माणूस गायब. ही घाई मला सोसेना. मी आपलं गावी पत्रात लिहितात तसं लिहायचे: नमस्कार, मी मजेत आहे, तुम्हीही मजेत असाल. त्यावर बहुतेकांचं एक पिवळं हसरं तोंड यायचं, बस. दोघातिघांनी सरळ फोटोच मागितले. ते अ‍ॅप मी काढून टाकलं.

तिसरं बरं होतं. ते प्रश्न विचारतं, उत्तरं वाचून लोक बोलायला येतात, जरा दमानं. पण त्यात शिक्षण लिहायची जागा होती. ती मी रिकामी सोडली, आणि त्या रिकाम्या जागेने माझा जीव खाल्ला. गप्पा रंगायला लागल्या की मला वाटायचं, आता हा कॉलेज विचारणार. दोघांशी बोलणं मी त्या धास्तीनेच तोडलं.

तिसरा होता तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता, मुलुंडचाच. मराठीत लिहायचा, माझ्या लांबलचक नमस्काराला लांबलचक उत्तर द्यायचा. त्याने भेटूया म्हटलं, आणि मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मावशी म्हणाल्या, एकटीने जायचं नाही. त्या शेजारच्या टेबलावर बसणार, ओळख दाखवणार नाहीत. "तुका उठाचा झाला तर केसांतलो चाप काढ. मी येतंय."

ठेवणीतली साडी नेसून त्या त्याच्या पाठीमागे, मला दिसतील अशा बसल्या आणि एक प्लेट इडली मागवली. तो खरंच फोटोसारखा होता, थोडा बारीक. लिफ्टमध्ये अडकलेले लोक काय काय बोलतात ते सांगत होता. मी हसत होते आणि आतून वाट बघत होते. चहा आला तसा प्रश्नही आला.

"तू कुठल्या कॉलेजला होतीस?"

माझा हात आपसूक चापाकडे गेला. त्याच्या पाठीमागे मावशींनी चमचा खाली ठेवला आणि पर्स उचलली. आता उठतील आणि मला घेऊन जातील. सगळं सुटेल. पुढच्या वेळी पुन्हा हीच धास्ती, दुसऱ्या कुणासमोर. मी हात खाली घेतला आणि कप धरला.

"कॉलेजला नव्हते. नववीत शाळा सुटली," मी म्हणाले. "सांगायचं राहिलं असं नाही. मी सांगत नव्हते."

त्याने बशीतला चहा परत कपात ओतला.

"घरी विचारतील," तो म्हणाला. "मला काय वाटतंय ते मलाच आत्ता माहीत नाही, खोटं कशाला बोलू. पुढच्या रविवारी भेटू ना?"

मी हो म्हणाले. मावशींनी पर्स खाली ठेवली.

बसस्टॉपकडे जाताना त्या कुरकुरल्या की माझ्या त्या चापापायी त्यांची इडली गार झाली. आणि मग, माझ्याकडे न बघता: "माझ्या वयाची मानसा असतत काय गो तुझ्या त्या फोनात?"

मला थट्टा वाटली, मी हसले. त्या हसल्या नाहीत. बस येत होती तिकडे बघत राहिल्या.

त्याला मी नंतर दोनदा भेटले. घरी सांगितलंस का, हे विचारायचा धीर अजून होत नाही. फोन मशीनवर पालथा ठेवते आणि पुन्हा सुलटा करून बघते. पण समोर बसले की आता लपवायला काही नसतं, तेवढी जागा मोकळी झाली आहे.

मावशींनी तो विषय परत काढलेला नाही. मीही काढत नाही, त्यांचं त्यांना ठरवू दे. ज्या दिवशी त्या ठरवतील त्या दिवशी ठेवणीतला ड्रेस घालून मी जाईन, शेजारच्या टेबलावर, त्यांना दिसेन अशी बसेन. आणि त्यांचा हात अंबाड्याकडे जाईपर्यंत जागची हलणार नाही, माझी इडली गार झाली तरी.