चार तारांचा बेस आणि जयभाईंचा डावा हात

बेसवाल्याजवळ किस्से फार साठतात. कारण साधं आहे. लोक गायकाकडे बघतात, पोरी ऑक्टोपॅडवाल्याकडे बघतात, पोरं गाणाऱ्या पोरीकडे बघतात. बेसवाल्याकडे कुणीच बघत नाही. मग तो बसतो सगळ्यांकडे बघत, तेसुद्धा हात चालू ठेवून. अशी बरीच वर्षं काढली की माणूस आपोआप गप्पिष्ट होतो.

मी दिवसा बोईसरला एका पंपांच्या कारखान्यात मेंटेनन्सला असतो आणि लग्नसराईत आमच्या बेंजो ग्रुपमध्ये बेस गिटार वाजवतो. ग्रुप जयभाईंचा. कीबोर्ड तेच वाजवतात, सुपारी तेच घेतात, आणि काही चुकलं की वळून माझ्याकडे बघायचं कामही तेच करतात.

यंदा दिवाळीनंतर जयभाईंनी नवा कीबोर्ड घेतला. त्यात म्हणे बेसचेच इतके प्रकार की सगळे ऐकायला एक रविवार पुरणार नाही. प्रॅक्टिसला त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं दाबून दाखवली आणि म्हणाले, "नरेश, बेस आता माझ्या डाव्या हातात. तुला उगाच त्रास नको."

त्रास मला कधी झालाच नव्हता. पण दुसऱ्याचा त्रास वाचवायची जयभाईंना फार हौस.

"काढलं असं समजू नको हां," ते पुढे म्हणाले. "गाडी तुझीच लागणार आपल्याला."

म्हणजे बेसला रजा, माझ्या व्हॅनला नाही. ठरलं असं की घिवलीच्या हळदीला बिनबेसचं वाजवून बघायचं. जमलं तर मी कायमचा ड्रायव्हर. वरवर मी हसलो, पण वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. तेव्हापासून हे सगळे किस्से एकेक करून आठवायला लागले. जाणाऱ्या माणसाविषयी लोक बोलतात ना, तसं मी माझ्याच बेसविषयी बोलत सुटलोय.

*

पालघरला एका लग्नात नवरदेवाचे मामा बराच वेळ माझ्यासमोर उभे होते. मला बरं वाटलं, कुणीतरी बघतंय. गाणं संपल्यावर ते जवळ आले आणि कानात म्हणाले, "दोन तारा तुटल्यात तुझ्या."

"नाही मामा, याला चारच असतात."

"असू दे, लाजू नको. लग्नघरी असं होतं." त्यांचा पुतण्या गिटार शिकत होता, त्यामुळे गिटारला सहा तारा असतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी समजावून सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला आणि गेले.

संध्याकाळी मानपान सुरू झाला. जयभाईंना टॉवेल आणि नारळ, पिंट्या ऑक्टोपॅडवाल्याला टॉवेल आणि नारळ. माझ्या ताटात टॉवेल, नारळ आणि कागदात गुंडाळलेल्या दोन गिटारच्या तारा. मामांनी मोटरसायकलवर माणूस पाठवून त्या मागवल्या होत्या.

"आता पुरा कर तो," मामा म्हणाले. "अर्ध्या वाद्यावर भाच्याचं लग्न लागलं असं कुणी बोलायला नको."

परतताना व्हॅनमध्ये जयभाई म्हणाले, "मामा काही चुकीचं बोलत नव्हता."

*

हा बेस मला शिकवला तो आग्नेल सरांनी. सर मूळचे वसईकडचे, पण आयुष्य पालघरला गेलं. तरुणपणी ते बेसचाच जुना अवतार, उभा बास वाजवायचे, माणसापेक्षा उंच, व्हायोलिनचा आजोबा शोभेल असा. एकदा एडवणला एका लग्नात वाजवायचं होतं. सर सफाळ्याला तो बास घेऊन एसटीत चढले.

कंडक्टर म्हणाला, "ह्याचं तिकीट."

"हे सामान आहे," सर म्हणाले.

"सामान टपावर जातं. हा तुमच्या शेजारी उभा आहे. उभा आहे तो प्रवासी."

सरांनी तो मागच्या सीटवर आडवा केला. कंडक्टर पुन्हा आला. "झोपून जायचंय का ह्याला? मग आजारी दिसतो. सोबतीला आणखी एक माणूस लागेल."

शेवटी सर एडवणपर्यंत बासला मिठी मारून गेले. वाटेत एका म्हातारीनं त्यांना विचारलं, "नवरी हाय का?"

पुढे कधीतरी त्यांच्या कानावर आलं की तिकडे अमेरिकेत एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसानं हाच बास आडवा केलाय. गिटारसारखा गळ्यात अडकवायचा. खाली चुंबक बसवलं, म्हणजे आवाज विजेवर मोठा होतो. मानेवर पट्ट्या ठोकल्या, म्हणजे सूर नेमका लागतो. आणि गंमत म्हणजे त्या माणसाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हतं म्हणे. "म्हणूनच जमलं त्याला," सर सांगायचे. "वाजवणाऱ्याला विचार करायला वेळ कुठे असतो?"

मग जगभर गाण्यांची चालच बदलली, हे सरांचं आवडतं भाषण. आधी ट्रंपेट आणि ड्रमच्या गोंगाटात मागचा उभा बास कुणाला ऐकू येत नव्हता. आता तो पुढे आला. जमैकात तर बेस बोलतो आणि बाकीचे हुंकार भरतात. डिस्को त्याच्याच जोरावर नाचलं. आपल्या सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये तो शिरला आणि तिथून थेट आपल्या हळदीच्या मांडवात येऊन बसला. "गायक गाणं म्हणतो रे," सर म्हणायचे, "पण माणसाची कंबर हलवतो तो बेस."

मी एकदा विचारलं, "सर, तुम्ही उभा सोडून आडवा का घेतला? आवाजासाठी?"

"एसटीसाठी," सर म्हणाले.

*

लग्नाआधी मी बोईसरला एका चाळीत भाड्याच्या खोलीत राहायचो. अॅम्प्लिफायर लावून रियाज केला तर शेजारी मारतील. पण बेसवाल्यांची एक युक्ती आहे. बेसचं डोकं लोखंडी कपाटाला टेकवायचं. कपाटच घुमायला लागतं, बेतानं, घर्र घर्र.

खाली मालकीणबाई राहायच्या, शांताकाकू. रोज संध्याकाळी मी रियाजाला बसलो की त्या अंगणात येऊन ओरडायच्या, "पाण्याची मोटर कुणी चालू ठेवली?" मग जाऊन बटण बघायच्या. बटण बंद. तरी घर्र घर्र चालूच. काकूंनी समोरच्या खोलीतल्या बिहारी पोरांना झापलं. पोरं म्हणाली, "आंटी, हमने छुआ भी नहीं."

मीच खाली जाऊन सांगितलं, "काकू, मोटर नाही. माझं कपाट वाजतंय."

काकूंनी मला नीट न्याहाळलं. "कपाट कसं वाजेल रे? डोकं ठिकाणावर आहे ना? कंपनीत गॅस-बिस हुंगतोस का?"

इलेक्ट्रिशियन आला. त्यानं मोटर उघडली, तोंड वाकडं केलं आणि बदलायला सांगितली, जसं सगळेच सांगतात. नवी मोटर बसली त्या आठवड्यात मी गावाला गेलो होतो. परत आलो तर काकू दारातच खुशीत उभ्या. "बघ, किती शांत आहे. तू आणि तुझं कपाट."

त्या संध्याकाळी मी रियाज केला नाही. मला त्या बाईचं मन मोडवेना.

*

बायको मात्र मला बेसमुळेच मिळाली, हे जयभाईसुद्धा मान्य करतात.

एडवणला मुलगी बघायला गेलो होतो. मुलीच्या आत्यानं विचारलं, "मुलगा वाजवतो म्हणे. मग होऊन जाऊ दे काहीतरी." माझ्या मावशीनं आधीच बेस गाडीत टाकायला लावला होता, इंप्रेशन पडायला. अॅम्प्लिफायर नव्हता. मी कोचावर बसून हळदीचं एक गाजलेलं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. पण नुसत्या बेसवरून गाणं कुणाला ओळखू येतं? आत्या पोह्यांची बशी हातात धरून तशीच थांबली. मुलीचे वडील खिडकीबाहेर बघायला लागले. माझी मावशी पदरानं कपाळ पुसत होती.

तेवढ्यात मुलगी, म्हणजे आमची सविता, म्हणाली, "परत वाजवा. मी वरून म्हणते, मग कळेल यांना."

मी परत सुरू केलं, तिनं आवाज लावला, आणि खोलीचा रंगच पालटला. वडिलांच्या पायाचा अंगठा हलायला लागला. गाणं संपल्यावर आत्यानं निकाल दिला, "पोरगी गाते, पोरगा खालून धरून ठेवतो. संसाराला आणखी काय लागतं."

*

कारखान्यात मात्र माझी कदर वेगळ्या तऱ्हेनं झाली. वार्षिक कार्यक्रमात आमच्याच ग्रुपला बोलावलं होतं. कार्यक्रमानंतर उत्तरेकडचे आमचे प्लांटचे साहेब खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नरेश, तुम जो बजाते हो ना, वो सुनाई नहीं देता. लेकिन बीच में तुम पानी पीने रुके, तब पता चला. बिलकुल एग्जॉस्ट फॅन की तरह."

मी ही तारीफ मोठ्या अभिमानानं जयभाईंना सांगितली.

जयभाई म्हणाले, "फॅन निदान भिंतीत बसतो. तुझा स्पीकरचा डबा गाडीत अर्धी जागा खातो."

*

आणि मग आली ती घिवलीची हळद.

दुपारची वेळ होती. समुद्राकडून वारा येत होता, मांडवामागे बोंबील वाळत होते. मी व्हॅनमधून कीबोर्ड उतरवला, स्टँडवरचे दोन छोटे स्पीकर लावून दिले. माझा बेस आणि त्याचा मोठा स्पीकरचा डबा गाडीतच राहिला. सवयीनं भरला होता, उतरवायचं काही काम नव्हतं. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिलो, हात कुठे ठेवायचे ते कळेना.

त्या घरची एक रीत होती. वाजायला लागलं की घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं वाद्याला कुंकू लावायचं, वाजवणाऱ्याच्या हातात नारळ द्यायचा, आणि मगच नवरीला हळद लागायची. घरातले मोठे म्हणजे नवरीचे आजोबा, नारायणबाबा. जुने तांडेल, मच्छीमार बोटीचे कप्तान. बोटीवर उभा जन्म इंजिनाच्या बाजूला बसून त्यांचे कान गेले होते. घरचे त्यांच्याशी खाणाखुणांनीच बोलायचे. बाबा मांडीवर नारळ घेऊन ओट्याच्या लाकडी फळीवर बसले होते.

जयभाईंनी सुरुवात केली. उजवा हात सूर, डावा हात बेस. पिंट्यानं ऑक्टोपॅड धरला. एक गाणं झालं. बाबा तसेच बसून.

दुसरं गाणं झालं. बाबा आपल्या मुलाला म्हणाले, "कवा चालू करनार?"

मुलानं खुणेनं सांगितलं की चालू आहे, आणि जयभाईंच्या हातांकडे बोट दाखवलं. बाबांनी बघितलं. "बोटां हलवतो तो. बोटां तर मी पन हलवतो."

जयभाईंनी आवाज वाढवला. स्पीकर किंचाळायला लागले, कोंबड्या मांडवातून पळाल्या, आणि बाबा शांतपणे नारळाची शेंडी सारखी करत बसले.

हळदीची वाटी घेऊन उभ्या असलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी सुचवलं की धाकट्या आजोबांच्या हातून नारळ देऊ या. मुलानं हलकेच नारळाला हात लावला, तर बाबांनी तो छातीशी धरला. "मला येडा समजू नका. माझ्या नातीची हळद हाय. वाजल्याबिगर नारळ नाय देनार."

आत नवरी रडायला लागली होती. दारात येऊन ती म्हणाली, "बाबाच देतील नारळ. नायतर मला नको हळद."

गाणं अर्ध्यावर थांबलं. जयभाईंनी रुमालानं मान पुसली. मग माझ्याकडे वळून बघितलं, नेहमीसारखंच, पण या वेळी नजर खाली होती.

"नरेश, गाडीत डबा आहे ना?"

"आहे. पण मला उगाच त्रास नको ना, जयभाई."

"आण रे बाबा."

मांडवात जागा उरली नव्हती, म्हणून डबा ओट्यावरच ठेवला, बाबांपासून हातभर लांब. वायर जोडली. जयभाईंनी तेच गाणं पुन्हा सुरू केलं आणि मी सगळ्यात जाड तार छेडली.

बाबा ताठ बसले. त्यांनी हाताचा पंजा ओट्याच्या फळीवर टेकवला आणि तसाच ठेवला. मी वाजवत राहिलो. हळूहळू त्यांची मान डोलायला लागली. डोळे भरून आले त्यांचे, आणि खोटं कशाला सांगू, माझेही आले.

ते उठले. बेसला कुंकू लावलं. नारळ माझ्या हातात दिला. बायकांनी गाणं उचललं, नवरीला पाटावर बसवलं, पहिलं हळदीचं बोट तिच्या गालाला लागलं. जयभाई घामानं निथळत दोन्ही हातांनी वाजवत होते, पिंट्या जीव तोडून बडवत होता.

बाबांनी त्या दोघांकडे एकदा बघितलं, रस्त्याकडे एकदा बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "तू एकटाच आलास? बाकीचे वाजवनारे कवा येनार?"