विहीणबाईंचं परतीचं तिकीट

नातीने आठवीत जर्मन घेतलंय. परवा तिच्या दोन मैत्रिणी आल्या नि म्हणाल्या, "आजी, तुम्ही म्हणे या वयात तमिळ शिकलात. आम्हाला टिप्स द्या ना!" खरं सांगायचं तर माझं तमिळ जेवणाच्या टेबलापुरतं. पण तेवढ्यासाठी मला जवळजवळ पन्नास वर्षं लागली, तेव्हा सल्ला द्यायचा अधिकार माझा आहेच.

लग्न होऊन मी मोहन्याला गेले. ह्यांची नोकरी तिथल्या कारखान्यात. शेजारी तमिळ कुटुंब, बाई माझ्याच वयाची, दारात दिसली की गोड हसायची. मी ठरवलं, हिची भाषा शिकायची. साधं माणूस तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलं असतं. पण मी पडले शुद्ध बोलण्याचा तोरा मिरवणाऱ्या नौपाड्याची, त्यातून शाळेत व्याकरणात पहिली. मी पुस्तक आणलं, वही घातली आणि वर्षभर दार लावून हत्ती, राजा, सिंहासन असे शब्द पाठ केले. तिच्याशी बोलले मात्र नाही. वाक्य चुकलं आणि ती हसली तर? मी स्वतः गल्लीतल्या प्रत्येकाच्या बोलण्यातल्या चुका काढत मोठी झाले होते, त्यामुळे ही भीती अगदी घरचीच होती. पुढे तिच्या नवऱ्याची बदली झाली. सामानाचा टेम्पो भरला. मी निरोपाचं एक अख्खं तमिळ वाक्य तोंडात घोळवत उभी. टेम्पो हलला आणि मी ओरडले, "टाटा!"

वर्षभराच्या अभ्यासाचा हा निकाल. वही लोणच्याच्या बरणीखाली गेली.

मुलाने लग्न केलं तेही तमिळ मुलीशी. सून छान मराठी बोलते, त्यामुळे माझं झाकलेलं राहिलं. दोन वर्षांपूर्वी तिचे वडील गेले आणि आई मदुराईजवळच्या गावात एकटी पडली. त्यांना कायमचं आमच्याकडे आणायचं ठरलं. विहीणबाई आल्या त्या लेकीने फोनवर शिकवलेली वीसेक मराठी वाक्यं घेऊनच. पहिल्याच सकाळी त्यांनी पोह्यांची तारीफ केली.

आणि मी काय केलं? वाक्य दुरुस्त केलं. हसत, प्रेमाने वगैरे. त्यांनी पुन्हा म्हटलं, मी पुन्हा दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा त्यांनी नुसती मान हलवली. मग आठवडाभर त्या खिडकीशी बसून खालच्या रिक्षा बघत राहिल्या. दिवसभर घरात आम्ही दोघीच. एका संध्याकाळी सून रडवेली होऊन म्हणाली, "आई, अम्मा परत जाते म्हणतेय. रविवारचं तिकीट काढायला लावलंय मला. तिथे कुणी नाही हो तिचं!"

आपण काय करून बसलोय ते मला लगेच कळलं. कबूल करायला जरा वेळ लागला.

नातीकडून मी मोबाइलवर तमिळ शिकवणारं अ‍ॅप घेतलं. चार दिवस कानात इअरफोनची बोंडं घालून बसले. मुलगा सफरचंद खातो, मुलगी सफरचंद खाते. अ‍ॅपने मला इतके तारे दिले की मीच हरखले. शेवटी नात (विहीणबाई तिची पाट्टी, म्हणजे तमिळ आजी) म्हणाली, "अगं आजी, पाट्टी समोर बसलीय आणि तू फोनशी बोलतेयस?"

"आधी नीट येऊ दे, मग बोलेन," मी म्हटलं आणि चरकले. मोहन्याची ती बया वही घेऊन अजून माझ्यातच बसली होती.

मग नातीकडून एकच गोष्ट विचारून घेतली. दुपारी विहीणबाईंच्या पानात भात, वरण, तूप वाढलं आणि म्हटलं, "इन्नुम कोंजम?" म्हणजे, आणखी थोडं? उच्चार भातात खडा लागावा तसा.

त्यांनी चमकून वर पाहिलं. "पोदुम." म्हणजे पुरे. आता आपल्याकडे पुरे म्हटल्यावर वाढणारी बाई थांबते का? मी आणखी एक डाव घातला. "इन्नुम कोंजम!" "पोदुम, पोदुम!" म्हणत त्यांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले, आणि माझं वरण थेट त्यांच्या बांगड्यांवर. ठसका लागेपर्यंत हसल्या बाई. आल्यापासून पहिल्यांदा.

पाणी प्यायल्या, माझ्या हातातला डाव काढून घेतला आणि माझा उच्चार दुरुस्त करायला बसल्या. एकदा नाही, सात वेळा. मग माझ्या पानात भाताचा डोंगर रचत विचारलं, "इन्नुम कोंजम?" मी त्या एका जेवणात 'पोदुम' असं शिकले, की जन्मात विसरणार नाही.

तर पोरींनो, पुस्तक घ्या, अ‍ॅप घ्या, माझी ना नाही. पण आज कुणाला तरी म्हणता येईल असा शब्द आधी शिका, आणि त्या माणसासमोर बिनधास्त चुका. आपण चुकलो की समोरच्यालाही तोंड उघडायचा धीर येतो. हत्ती आणि सिंहासन मागाहून बघू.

शनिवारी विहीणबाई ओट्यापाशी खोबरं खवत होत्या. सून दबक्या आवाजात म्हणाली, "अम्मा, बॅग भरायची ना?" त्यांनी अर्धी वाटी माझ्यावर रोखली आणि मुद्दाम मराठीत, मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हिला अजून काय येत नाय. मी कसा जाणार?"

माझ्या जिभेच्या टोकावर दुरुस्ती येऊन बसली होती. मी खवलेल्या खोबऱ्याचा बकाणा भरला. सुनेने तिथेच, ओट्याला टेकून, तिकीट रद्द केलं.