भाऊ ध्यानातून उठले

“राग आला म्हणतोस, पण आला कोणाला? दाखव बघू.” मिरजोळ्याच्या कारखान्यात कोणी चिडलं की आमचे भाऊ हातातला पाना खाली ठेवून असं विचारायचे. एकदा बोटावर हातोडी बसलेल्या एकाने ते सुजलेलं बोटच त्यांच्या नाकासमोर धरलं, “ह्याला!” सगळ्यात जास्त भाऊच हसले.

भाऊ मूळचे मंडणगडकडचे, कारखान्यात पंप दुरुस्त करायचे. रविवारी विहारात आम्हा दहाबारा जणांना ध्यानाला बसवायचे. शून्यता समजावायची तर उदाहरणही पंपाचंच. “पट्टा म्हणजे पंप काय? बोल्ट म्हणजे पंप काय? सगळा सुटा केलास की पंप गेला कुठं? ‘मी’चं पण तसंच. शोधलास तर गावत नाय.” मला एवढंच कळायचं, की पुन्हा जोडला की तो पाणी ओढतो. भाऊ म्हणायचे, “बसत राहा. कळेल.”

ते स्वतः रोज सकाळ-संध्याकाळ आतल्या खोलीत बसत. तेवढा वेळ वहिनी कुकरसुद्धा लावत नसत.

भाऊ निवृत्त झाले आणि वहिनींना विसरायला होऊ लागलं. आधी मिठाचा डबा, मग मुलीचं नाव. शेवटी भाऊच. भाऊंनी ध्यान सोडलं. डोळे मिटायची भीती वाटते म्हणाले. “‘मी’ नाय, ‘मी’ नाय म्हणून जन्मभर तुम्हाला सांगितलं. आता तिनं एकदा मला ओळखावं, दुसरं काय नको. ही कसली रे माझी साधना?” आशा ठेवू नका, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

मी शेवटचा गेलो तेव्हा भाऊ वहिनींसमोरच बसले होते. मी बोलायला लागताच वहिनी म्हणाल्या, “हळू बोला. आमचे हे आत ध्यानाला बसलेत.”

“अगो, मी उठलो,” म्हणत भाऊंनी त्यांचा हात धरला. “कधीचा उठलोय. बघ ना, मीच तो.”

वहिनींनी दचकून हात सोडवून घेतला, पदर सावरला आणि माझ्याकडे वळल्या. “ह्या पावण्यांना सांगा हो. आमचे हे घरात असताना असा हात धरतात काय?”

मला रडू आवरेना. भाऊ उठले. “चुकलो,” म्हणाले, आणि चपला घालून अंगणात जाऊन उभे राहिले. वहिनींनी त्यांच्यामागे दार लावून घेतलं. आवाज होऊ नये म्हणून, अगदी हळू.