तांदळात लिहिलेलं नाव

मला दोन नावं आहेत आणि त्यातलं एकही मी इथे सांगणार नाही. आमच्या धंद्यात तोंड बंद ठेवायची सवय लागते. कुणाची कंपनी कुठे आहे, कुणाचा मेहुणा फक्त कागदापुरता भागीदार आहे, सगळं ठाऊक असतं आणि तोच मेहुणा गणपतीच्या जेवणाला शेजारी येऊन बसला तरी आपण शांतपणे मठ्ठा मागून घ्यायचा. पण ही गोष्ट माझी स्वतःची आहे. ती सांगायला कुणाच्या बापाची भीती!

कुवेतच्या खैतान भागात एका बेकरीच्या वर आमचं हिशेब तपासणीचं ऑफिस आहे. सकाळी खालून ताज्या खबूस रोट्यांचा वास येतो आणि दहाच्या आतच भूक लागते. लायसन्स माझ्या कुवेती भागीदारांचं. वयाने माझ्या वडिलांसारखे, जुने ऑडिटर, मला नोकरीला ठेवलं तेही त्यांनीच. सही त्यांची आणि काम माझं, असा आमचा वर्षानुवर्षांचा संसार. त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे ते मला मुलीच्या नावाने, 'अमुकची आई' अशी हाक मारतात. गिऱ्हाइकं 'मॅडम' म्हणतात, नाहीतर 'भाभी'. मुलगी 'आई' म्हणते. आणि नवरा, जो इथल्या हॉस्पिटलात मशिनी दुरुस्त करणारा टेक्निशियन आहे, तो 'अगं' म्हणतो. कोकणातल्या त्याच्या घरात बायकोला चारचौघांत नावाने हाक मारायची नाही असं होतं. इथे महबूल्यातल्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघंच, तरी त्याची जीभ काही वळली नाही. मला तरी कुठे वेळ होता तक्रार करायला? मी 'अगं'ला ओ देत राहिले.

तर झालं असं, आमच्या काही गिऱ्हाइकांच्या कंपन्या दुसऱ्या एका देशात नोंदलेल्या आहेत. कुठल्या ते विचारू नका. तिथल्या नोंदणी कार्यालयाने नवा नियम काढला. कंपनीच्या प्रत्येक संचालकाने आपण आपणच आहोत हे सिद्ध करायचं. स्वतः करा, नाहीतर अधिकृत ओळख-पडताळणी एजंटाकडून करून घ्या. हे एजंट म्हणजे बहुतेक मोठ्या काचेच्या इमारतींतल्या फर्मा. आमची गिऱ्हाइकं घाबरली. मी म्हटलं, घाबरताय काय, आपणच एजंट होऊ.

भागीदारांनी काळ्या चहात साखर ढवळत माझं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अर्ज तुझ्या नावाने कर. जबाबदार अधिकारी तू. मंजूर झाला की दारावरच्या पाटीवर माझ्या नावाखाली तुझं नाव."

मी उगाच फायली नीट करायला लागले, कारण डोळ्यात पाणी आलं होतं. इतकी वर्षं त्या ऑफिसातली एकूण एक फाईल माझ्या हाताखालून गेली, पण माझं नाव कशावर म्हणून नव्हतं. आता पाटीवर येणार होतं. आणि अर्ज फेटाळला गेला तर पुन्हा लवकर करता येणार नव्हता. तोवर गिऱ्हाइकं काचेच्या इमारतीत जाणार, आणि पाटी राहिली बाजूला.

म्हणून मी तयारीला लागले, आणि माझी तयारी म्हणजे इतरांची शिक्षा. दिसेल त्याची ओळख पडताळायला लागले. अब्बासियाच्या एका नर्सबाईंचा फोटो पासपोर्टवर वेगळा आणि सिव्हिल आयडीवर वेगळा होता, त्यांना मी चष्मा काढायला लावला, केस मागे घ्यायला लावले. मालवणच्या एका सुताराला तर सरळ विचारलं, "या तिन्ही कागदांतले तुम्ही नक्की कोण?" तो बिचारा म्हणाला, "ताई, मीच ओ, अजून कोण असतलो?" मी म्हटलं, असं म्हणून चालत नाही, पुरावा लागतो. काय रुबाब होता माझा त्या दिवसांत!

आणि मग माझाच अर्ज परत आला.

पत्र फार सभ्य होतं. अर्जदार बाईंच्या पासपोर्टवर एक नाव आहे आणि अकाउंटंट असल्याच्या प्रमाणपत्रावर दुसरंच. आडनाव वेगळं असतं तर समजलं असतं. पण इथे पहिलं नाव वेगळं, मधलं वेगळं, आडनाव वेगळं. तरी या दोन व्यक्ती एकच आहेत याचा कागद पाठवावा.

आता यांना काय सांगायचं? आमच्याकडे लग्नात मुलीचं सगळंच्या सगळं नाव बदलायची पद्धत. परीक्षा मी माहेरच्या नावाने दिल्या, पास झाले, मग लग्न झालं. सासरी लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी वाकून वाचलं, पेढे वाटले. झालं! ना सही, ना शिक्का. दुसऱ्या दिवशी थोरल्या जाऊबाईंनी त्याच तांदळाची खीर केली. म्हणजे पुरावा होता तो आम्ही वेलची घालून खाल्ला. राजपत्रात नाव छापून घ्यायचं असतं, ते राहून गेलं. पासपोर्ट तेव्हा प्रतिज्ञापत्रावर मिळाला आणि त्याची प्रत काही मी ठेवली नाही. प्रमाणपत्रावरचं नाव मात्र मी कधी बदललं नाही. आळस म्हणा. खरं सांगू? मनातून नकोच होतं. परीक्षेला जी बसली तिचं नाव तेवढ्या एका कागदावर तरी राहू दे, असं वाटायचं.

मी विवाहनोंदणीचा दाखला पाठवला. त्यावर माहेरचं नाव आणि नवऱ्याचं नाव. पासपोर्टवर सासरचं नाव आणि पुन्हा त्याच नवऱ्याचं नाव. आणखी काय हवं? चार दिवसांनी तिथल्या अधिकारी बाईंचं उत्तर आलं. या कागदांवरून इतकंच दिसतं, की सदर गृहस्थांचा विवाह पहिल्या बाईंशी झाला आणि दुसऱ्या बाईंचे पतीही तेच आहेत. या दोन वेगवेगळ्या पत्नी नाहीत हे कशावरून?

मी ते भागीदारांना वाचून दाखवलं. म्हातारा इतका हसला की चहा बशीत सांडला. "आमच्याकडे चालतं हं," म्हणाले, "त्यांना सांग, दोन बायका असल्या तरी एजंट मात्र एकच आहे." घरी नवऱ्याला सांगितलं तर तो आरशात जाऊन मिशी बघून आला. "दोन बायका! अगं, एकीपुढेच मी हात टेकले आणि यांना दुसरी कुठे दिसली?"

"हसताय काय?" मी कडाडले. "माझी पाटी जातेय!"

तेव्हा कुठे त्याने मिशीवरचा हात काढला.

वकिलातीत जाऊन मी दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं नवं प्रतिज्ञापत्र करून आणलं. अधिकारी बाईंनी ते ठेवून घेतलं, पण म्हणाल्या, हे तुमचंच तुम्ही सांगितलेलं झालं. तुम्हाला दोन्ही नावांनी ओळखणाऱ्या एका माणसाची मुलाखत व्हिडिओवर घ्यावी लागेल. पती चालतील. अर्जदाराने त्या वेळी खोलीत थांबायचं नाही.

पती चालतील! ज्या माणसाने उभ्या जन्मात माझं नाव घेतलं नाही, तो आता परदेशी बाईसमोर दोन-दोन नावं घेणार. माझी तर पाचावर धारण बसली. जेवणाच्या टेबलावर मी तालीम सुरू केली.

"तुमच्या पत्नीचं नाव काय?"

"आमची मिसेस."

"अहो, नाव!"

"अगं, तुझ्यासमोर कसं घेऊ?" आणि पन्नाशीचा बाप्या लाजून लाल. मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला मराठी सगळं कळतं पण तोंडातून इंग्रजीच येतं. ती पोळीचा घास हातात धरून बघत राहिली. "बाबा, जस्ट से इट! इट्स हर नेम!" गाडीत प्रयत्न झाला, मुलीला खोलीत पाठवून झाला, मी पाठ करून बसले तेव्हाही झाला. नाव त्याच्या ओठांपर्यंत यायचं आणि खोकला होऊन बाहेर पडायचं. मी देवाला हात जोडले आणि मनातल्या मनात पाटी उतरवून ठेवली.

मुलाखतीच्या दिवशी नवरा ड्युटीवरून लवकर आला, अंघोळ केली, लग्नकार्याला घालतो तो सदरा घातला. मी आणि मुलगी स्वयंपाकघरात. दार लोटलेलं, कान दाराला. अधिकारी बाईंचा आवाज तरुण होता. इकडचं तिकडचं विचारून झालं, आणि मग त्यांनी विचारलं, "तुमच्या पत्नीचं आताचं नाव सांगा."

खोकला. पुन्हा खोकला. मी मुलीचा दंड इतका घट्ट धरला की ती 'आउच' म्हणाली.

आणि मग बाहेरून, लग्नाच्या पंगतीत घेतात तसा, खणखणीत आवाजात चक्क उखाणा आला:

"समुद्राला लाटा किती, किनारा मात्र एकच,
…चं नाव घेतो, बायको मला एकच!"

अय्या, काय सांगू! मी तोंडात पदर कोंबायला गेले तर अंगात पंजाबी ड्रेस, मग नॅपकिन कोंबला. मुलगी खाली बसून हसत होती. बाहेर अधिकारी बाई विचारत होत्या, ही कुठली भाषा, अर्थ काय. नवऱ्याने नीट समजावून सांगितलं, की आमच्यात नाव असंच घेतात, आणि किनाऱ्याचा अर्थही सांगितला. त्या खळखळून हसल्या. "म्हणजे पत्नी एकच. लिहून घेते," म्हणाल्या. "आणि लग्नाआधीचं नाव?"

आता दुसरा उखाणा येणार म्हणून आम्ही दोघी सावरून बसलो. पण उखाणा आला नाही. त्याने माझं माहेरचं नाव घेतलं. पहिलं नाव, मग माझ्या वडिलांचं नाव, मग आडनाव. सावकाश, एकही शब्द न गिळता.

"हे नाव तुम्हाला कसं माहीत?"

"मी तिला बघायला गेलो होतो," नवरा म्हणाला. त्याचं इंग्रजी हॉस्पिटलातलं, सरळ आणि साधं. "पोहे तिने आणले, पण बोलत तिचे वडील होते. मुलगी कशी पहिल्या फटक्यात पास झाली ते सांगत होते, आणि दर वेळी तिचं पूर्ण नाव घेत होते. इतक्या कौतुकाने कुणी कुणाचं नाव घेताना मी ऐकलं नव्हतं. तिथेच मी होकार ठरवला. मग लग्नात मीच ते नाव बदललं. घरची पद्धत होती. तिला विचारायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. नंतर मला ते नवं नाव घ्यायला लाज वाटायची आणि जुनं घ्यायचा हक्क नाही असं वाटायचं. म्हणून मी कुठलंच घेतलं नाही."

माझे वडील जाऊन किती वर्षं झाली. महबूल्यातल्या त्या फ्लॅटमध्ये त्यांचं नाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मी ओट्याला टेकून ढसाढसा रडले. मुलगी घाबरून विचारत होती, आई काय झालं, आणि हे तिने चक्क मराठीत विचारलं. मी म्हटलं, काही नाही गं, फार छान वाटतंय.

मंजुरी आली. आमचं ऑफिस आता अधिकृत ओळख-पडताळणी एजंट आहे, आणि जबाबदार अधिकारी मी आहे. भागीदारांनी पाटीवाल्याला ऑफिसातच बोलावलं आणि मला विचारलं, "कुठलं नाव?" मी नवऱ्याला फोन लावला, तर तो नुसता हसला आणि म्हणाला, "परीक्षा कोण पास झालं होतं?" पाटीवर अरबीत आणि इंग्रजीत माझं माहेरचं पूर्ण नाव आहे, मधे वडिलांसकट. मालवणचा सुतार स्वतः येऊन ती ठोकून गेला. ठोकताना म्हणाला, "ताई, ह्या तुम्हीच ना? पुरावो आसा?" मी म्हटलं, आहे, घरी आहे, मिशीवाला.

त्याच संध्याकाळी मी भाजी चिरत होते. बाल्कनीतून कुणीतरी कुणालातरी हाक मारली. मी चिरतच राहिले. पुन्हा हाक आली, जरा मोठ्याने. मुलगी खोलीतून ओरडली, "आई, बाबा तुला बोलावतोय! पाटीवरचं तुझं नाव आहे ते!"

माझ्या हातातली सुरी थांबली. "ओऽऽ," मी म्हटलं. इतकी लांब ओ मी माहेर सोडल्यापासून कुणाला दिली नव्हती.