सत्तावन्न नंबरचा दगड

माझ्या हातून लागलेल्या थोड्याशा लाल रंगामुळे एका बाईला तिची पहिली नात अडीच महिने पाहता आली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझं कौतुक वाटायला नको. सायकल, साठी, निसर्ग म्हटलं की लोक उगाच कौतुक करतात.

नोकरीसाठी म्हैसूरला आलो तेव्हा पाच वर्षांत परत जायचं ठरलं होतं. वीस वर्षं झाली. इथल्याच विजयनगर भागात घर झालं, नोकरी संपली, आणि कानडी मात्र भाजी घेण्यापुरतीच राहिली. सकाळी सायकल चालवताना एक सोबती भेटले. इथल्याच जुन्या मराठी घरातले, गणिताचे निवृत्त शिक्षक. मी त्यांना सर म्हणतो. खेळ मूळचा त्यांचा. हाऊजीच्या एक ते दहा सोंगट्या त्यांनी एका स्टीलच्या डब्यात ठेवल्या होत्या, दहाची सोंगटी शून्य धरायची. अक्षांश बारा आणि रेखांश शहात्तर, एवढं ठरलेलं. दशांशानंतरचे चार-चार आकडे डब्यातून काढायचे आणि नकाशावर तो बिंदू जिथे पडेल तिथे रविवारी सायकलने जायचं. फार लांब पडला तर पुन्हा डबा हलवायचा.

"तिथे असतं काय?" बायकोने विचारलं.

"काहीच नसतं."

"रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," असं म्हणून ती आत गेली.

पण मला त्या खेळाने पकडलं. कधी उसाचा फड, कधी भाताच्या गिरणीची मागची भिंत, एकदा तर बरोबर तळ्याच्या मधोमध. जन्मभर कामाशिवाय कुठे गेलो नव्हतो, त्यामुळे विनाकारण कुठेतरी पोचण्यात मला फार मोठं काही गवसल्यासारखं वाटत होतं. त्यात मी माझी भर घातली. बिंदू सापडला की जवळचा एक दगड घ्यायचा, त्यावर लाल ऑइलपेंटने गोल काढायचा आणि आत बिंदूचा नंबर लिहायचा. सर म्हणायचे, "कशाला हो ते? सुम्ने?" सुम्ने म्हणजे उगाच. मी ऐकलं नाही.

सत्तावन्नावा बिंदू नंजनगूडच्या वाटेवर, मोठा रस्ता सोडून आत पडला. नाचणी काढून झालेलं शेत, कडेला करंजाचं झाड, झाडाखाली दगडांचा एक लांबट ढीग. सर मागे रस्त्यावर पंक्चर काढत बसले होते. मी एकटाच पुढे गेलो, त्या ढिगावर बसून डब्यातल्या दोन इडल्या खाल्ल्या आणि सगळ्यात वरच्या सपाट दगडावर ५७ लिहिलं. तिथे उदबत्तीच्या जळक्या काड्या होत्या. मी त्या पाहिल्या होत्या. पाहून सोडून दिल्या. आमच्या घरात माणूस गेला की जाळतात. शेताच्या कडेला दगडांचा ढीग दिसला तर मला ढीगच दिसतो.

चार महिन्यांनी दुसरा एक बिंदू त्याच रस्त्यावर पडला. चहाच्या टपरीवर मी सायकलच्या पिशवीतून रंगाचा डबा काढला, तो टपरीवाल्याने पाहिला आणि त्याचा चेहरा बदलला. तुम्ही सर्वेवाले का, असं त्याने सरांना विचारलं. मग बराच वेळ तो बोलत राहिला आणि सर ऐकत राहिले. शेवटी सर माझ्याकडे वळले.

"अहो, तुम्ही सत्तावन्न लिहिलंत ते दगड म्हणजे समाधी होती. ते शेत ज्या बाईचं, तिचे यजमान. त्यांच्यात पुरतात, स्वतःच्याच शेतात. वर्ष पण झालं नाही अजून."

त्या भागात कारखान्यांसाठी जमिनी जातात आणि मोजणीवाले दगडावर असेच लाल आकडे टाकतात. तिला वाटलं, आता जमीन जाणार आणि नवऱ्याला उकरून काढणार. खूण पुसली तर गुन्हा होईल म्हणून तिने दगडाला हातही लावला नव्हता. ती रोज भाकरी बांधून घ्यायची आणि सूर्य मावळेपर्यंत तिथे बसायची. कोणी आलंच तर निदान आडवी तरी पडेन, असं म्हणायची. मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिने मुलीला आणलंच नाही. बैलकुप्पेच्या अलीकडे, बसने तीन तासांवर मुलीचं सासर. तिथेच मुलगी झाली, बारसं झालं. आजी गेली नाही.

मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, ही म्हण मी शंभरदा वापरली असेल. मांजर आपणच असू, हे कधी मनात आलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की तिथूनच घरी पळावं, असंही वाटून गेलं. सर उठले म्हणून मी उठलो.

ती करंजाखाली बसली होती. माझ्याच वयाची असेल. सरांनी कानडीत सगळं सांगितलं. ती काय म्हणते ते मला मराठीत सांगत गेले.

"मग इथेच का आलात?"

सर म्हणाले, "सुम्ने."

तिला ते पटेना. पटावं असं त्यात काही नव्हतंच. सरांनी डब्यातल्या सोंगट्या तिच्या तळहातावर ओतल्या. त्या रंगीत प्लॅस्टिककडे ती किती तरी वेळ बघत होती. शिव्या देईल तर बरं, असं मला झालं होतं. तिने सोंगट्या परत डब्यात टाकल्या आणि रंग कोणी लावला ते विचारलं. मी हात वर केला. शाळेतल्या पोरासारखा.

"उद्या मी नातीला बघून येते," ती म्हणाली. "मी येईपर्यंत यांनी इथे बसायचं. मास्तरांनी नको. यांनीच."

आमच्या बोलण्यावर तिचा विश्वास बसला होता की नाही, मला अजून ठाऊक नाही. बहुधा नव्हता. खूण करणारा माणूसच राखणीला बसला तर दुसरं कोणी येणार नाही, एवढा तिचा साधा हिशेब असावा.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी पोचलो. ती नवी साडी नेसून, हातात पिशवी घेऊन उभी होती. दगडांना हात लावून कपाळाला लावला आणि बस गाठायला गेली.

मी थिनर आणि काथ्या नेला होता. रंग निघाला, पण दगडावर गुलाबी झाक राहिली ती राहिलीच. मग मी बांधावर बसलो. ढिगापासून लांब. दुपारी ऊन अंगावर आलं तेव्हा सावलीला सरकायचं तर समाधीजवळ जावं लागत होतं, म्हणून सरकलो नाही. एक मोपेडवाला थांबला, काय करताय म्हणाला. माझ्या मोडक्या कानडीत मी सांगितलं, राखतोय. तो हसला नाही. त्याने आपल्या बाटलीतलं पाणी मला दिलं. त्या पाण्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि कोणी बघायला नव्हतं म्हणून मी ते पुसलंही नाही.

सूर्य कलल्यावर ती आली. तिने आधी दगड पाहिले, मग मला.

"कोणी आलं होतं?"

"नाही."

मी सायकल उचलली. काही सांगेल, निदान जा म्हणेल, म्हणून क्षणभर थांबलो. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती दगडांशेजारी मांडी घालून बसली, पिशवीतून एक फूल काढून वर ठेवलं आणि हळू आवाजात बोलायला लागली. माझी कानडी भाजीपुरतीच, तरी तेवढं कळलं. नाक तुमचंच आहे, असं ती त्यांना सांगत होती.