राजाच्या प्रश्नाला उत्तर नाही

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या काळात, चैत्रातल्या यात्रेला, मुळशीत तमाशाच्या दिवसाच्या खेळात, म्हणजे हजेरीत, माझे चुलते वगाच्या मध्यावर बोलायचे थांबले. ते फडात सोंगाड्या होते. मी तेव्हा पुण्याच्या एका दैनिकात काम करीत होतो आणि यात्रेसाठी गावी आलो होतो.

त्या काळी वग लिहून कचेरीत मंजुरीला पाठवावा लागे. फडातल्या कोणीही आजवर वग लिहिला नव्हता. तो तोंडीच चाले. चुलत्यांनी सांगितला, मी लिहिला. परत आलेल्या प्रतीत एका ठिकाणी रेघ होती. राजा विचारतो, "आमच्या राज्यात अंधार कुठं हाय?" हा प्रश्न राहिला होता. सोंगाड्याचे उत्तर, "धरणाच्या कडंला, म्हाराज. वीज म्हमईला जातीया, आमी चिमणी लावतुया," हे खोडले होते. खोडलेले बोलले तर फडाचा परवाना जाणार होता.

"तात्या, एवढं सोडून पुढं जा," मी म्हणालो.

"जातो की. पर गप उभं ऱ्हाऊ नगं, असं लिवलंय का कुटं?"

ढोलकीवाला हसला. "गप उभ्या सोंगाड्याला कोन हसंल, तात्या?"

"हसू नगा. कळलं तरी बास."

लोकांना ते उत्तर दरवर्षी ऐकून पाठ आहे, आपण थांबलो की लोकच ते म्हणतील, असा त्यांचा हिशेब होता.

हजेरीला हवालदार पुढेच बसले होते, मांडीवर मंजूर प्रत. राजाने प्रश्न विचारला. चुलते धरणाकडे तोंड करून उभे राहिले. ढोलकी थांबली. आधी थोडे हसू आले. मग मागून आवाज आला, "म्हातारा इसरला!"

"आरं, पानी पाजा त्येला!"

"लावणी घ्या, लावणी!"

चुलते हलले नाहीत. हवालदारांनी प्रतीत बोट फिरवून ओळ शोधली आणि पुढे वाकून सांगितले, "बुवा, पुढचं 'चला म्हाराज, शिकारीला' हाय."

त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. हशा मात्र मारुतीच्या देवळापर्यंत गेला.

"चला म्हाराज, शिकारीला," चुलते म्हणाले. वग पुढे चालू झाला.

राहुटीत फडमालकाने विचारले, "तात्या, वय झालं का?"

"इसरलो न्हाई मी."

"मग लोकास्नी का न्हाई कळलं?"

चुलत्यांनी तोंडाचा रंग पुसला.

पुढच्या यात्रेला फडाने उरवड्याचा दुसरा सोंगाड्या घेतला. चुलते यात्रेला आले नाहीत. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा आहे, असा निरोप त्यांनी धाडला. प्रश्नाला उत्तर नाही, लोक गोंधळतात, म्हणून नव्या प्रतीतून फडमालकाने राजाचा प्रश्नही काढला.

त्या वर्षीची मंजुरी पहिल्याच खेपेला मिळाली.